गोचीडनाशकाच्या विषबाधेतून गाय वाचते, पण दुसऱ्या दिवशी पोट का फुगते?

गोचीड मारण्यासाठी गाईच्या अंगावर औषध फवारले, तासाभरात ती थरथरू लागली, तोंडातून लाळेची धार लागली, डॉक्टर आले, त्यांनी भरपूर इंजेक्शने दिली आणि गाय वाचली. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिने रवंथ केलेला नाही, डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) टमटमीत फुगली आहे आणि शेणाचा पत्ता नाही. गोव्यातील सत्तरी, डिचोली, पेडणे या भागांत गुरांवर उपचार करताना ही तक्रार माझ्यापुढे इतक्या वेळा आली आहे की फोनवरचे पहिले वाक्य ऐकताच पुढची दोन वाक्ये मला ठाऊक असतात. गोपालकाला वाटते की विष अजून पोटात आहे. कधी डॉक्टरलाही तसेच वाटते, तो आणखी ॲट्रोपिन, म्हणजे आधी दिलेलाच विषाचा उतारा, देतो आणि पोट आणखी फुगते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ही दुसरी व्याधी विषाची नसून उताऱ्याची असते आणि ती टाळता येण्यासारखी असते.

हे लेखन गोपालकांसाठी आहे आणि नव्याने या व्यवसायात आलेल्या सहकाऱ्यांसाठीही आहे. खाली मात्रांचे जे आकडे येतील ते पशुवैद्यकाच्या हिशेबासाठी आहेत; गोठ्यात कोणी ते पाहून सुई उचलू नये.

आधी बाटली

कोणतेही इंजेक्शन भरण्यापूर्वी फवारलेल्या औषधाची बाटली हातात घेऊन तिच्यावरील घटकाचे नाव वाचावे, हा या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत जास्त वेळा तोच वगळला जातो. ‘गोचीडाचे औषध’ हे एका औषधाचे नाव नाही. सत्तरीत २०१५ मध्ये गोचिडांमुळे पसरणाऱ्या माकडतापाची साथ आल्यापासून गोचीड या शब्दाचीच धास्ती बसली आहे, आणि काजूचा हंगाम जवळ आला की बागेत जाणाऱ्या गुरांवर जे हाताशी असेल ते, आणि बहुधा सांगितल्यापेक्षा दाट, फवारले जाते. त्यात जनावरांसाठीची औषधे असतात, तशीच वाळवीसाठी किंवा पिकासाठी आणलेली कीटकनाशकेही असतात. पिकावरचे औषध ‘जास्त जोरदार’ म्हणून गाईवर मारल्याचे मी ऐकले आहे, पाहिलेही आहे. डायक्लोरव्हॉसच्या वापरावर देशात २०२० अखेर बंदी आली, तरी त्याची जुनी बाटली माळ्यावर सापडतेच.

घटक ऑर्गॅनोफॉस्फेट गटातला असेल, म्हणजे क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन, डायक्लोरव्हॉस यांपैकी किंवा त्यांच्यासारखा, तर ॲट्रोपिन हाच योग्य उतारा आहे. कार्बारिलसारख्या कार्बामेट गटालाही ते लागू पडते. घटक डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन असेल, तर ॲट्रोपिन त्या विषाचा उतारा नव्हे. तिथे अंग धुणे आणि झटके आवरणे हे मुख्य काम असते. आणि घटक अमिट्राझ असेल, तर ॲट्रोपिन देणे ही सरळ चूक ठरते.

अमिट्राझबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे ते सर्रास वापरले जाते. १२.५ टक्के तीव्रतेचे औषध गाई-म्हशींसाठी साधारणपणे १ लिटर पाण्यात २ मिलिलिटर या प्रमाणात मिसळायचे असते. बुचाने मोजणारा माणूस हे प्रमाण सहज तिप्पट-चौपट करून बसतो. अमिट्राझ शरीरातील अल्फा-२ ग्राहकांवर (ग्राहक म्हणजे पेशींवरील निरोप स्वीकारणाऱ्या जागा) काम करते, त्यामुळे जनावर सुस्त होते, मान टाकते, नाडी मंदावते आणि पोट शांत होते. लाळेची धार, थरथर, पातळ शेण असे चित्र त्यात ठळक नसते. आतड्याच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या टोकांवर हे अल्फा-२ ग्राहक असतात आणि ते ॲसिटिलकोलिनचे, म्हणजे नसांचा निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे, स्रवणे रोखतात. म्हणजे पोटाला मिळणारा हुकूम मुळातच तुटलेला असतो. मंद नाडी पाहून कोणी ॲट्रोपिन दिले, की उरलासुरला हुकूमही अडतो आणि रक्तदाब चढतो. तिथे उतारा म्हणून योहिंबिन किंवा ॲटिपॅमेझोल या औषधांचा विचार करावा लागतो. फोंड्याकडील एका कुळागरातील (सुपारीच्या बागेतील) गाय मी पाहिली, तेव्हा तिला आधीच कोणीतरी ‘विषावरचे इंजेक्शन’ देऊन गेले होते. बाटली सुपारीच्या झाडाला टेकवून ठेवलेली होती आणि तिच्यावर अमिट्राझ हे नाव स्पष्ट वाचता येत होते.

पोट का थांबते

ॲट्रोपिन आणि त्याच्या जातीची औषधे ॲसिटिलकोलिनच्या मस्कॅरिनिक ग्राहकांवर जाऊन बसतात. स्वतः ती काहीच घडवत नाहीत, फक्त जागा अडवतात. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेत ॲसिटिलकोलिनचे विघटन करणारे कोलिनएस्टरेज हे विकर निकामी झालेले असते, त्यामुळे ॲसिटिलकोलिन साचत जाते आणि ग्रंथी, श्वासनलिका, आतडी, मूत्राशय सर्व एकाच वेळी अनावर होतात. एवढ्या लोंढ्यापुढे जागा अडवायची, तर औषधही तेवढेच लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्याला ०.०२ ते ०.०४ मिलिग्रॅम प्रतिकिलो एवढे पुरणारे ॲट्रोपिन विषबाधा झालेल्या गाईला ०.२५ ते ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो या हिशेबाने द्यावे लागते. ही मोठी मात्रा चुकीची नाही. ती दिली नाही तर गाय फुप्फुसांत साचलेल्या स्रावात गुदमरते. अडचण येते ती पुढे. विष उतरू लागते, साचलेले ॲसिटिलकोलिन कमी होते आणि ॲट्रोपिन मात्र तिथेच बसून असते. तराजूचे पारडे तेव्हा दुसऱ्या बाजूला कलते.

हे पारडे गाईच्या पोटावरच एवढे का येते, हे समजण्यासाठी कोठीपोटाची, म्हणजे चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटाची, रीत लक्षात घ्यावी लागते. आतड्याच्या भिंतीत स्वतःचे मज्जाजाळे असते आणि वरचा हुकूम तुटला तरी ते आपल्या परीने काम चालवते. शिवाय त्या जाळ्यात ॲसिटिलकोलिनखेरीज दुसरेही निरोपे असतात, त्यामुळे ॲट्रोपिनने आतडे मंदावते, पण साफ थांबेलच असे नाही. कोठीपोटाचे तसे नाही. त्याचे प्रत्येक आकुंचन मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून सुटते आणि व्हेगस नसेवाटे खाली येते. दोन्ही बाजूंची व्हेगस नस कापली तर कोठीपोटाची लयबद्ध हालचाल बंद पडते, आणि ॲट्रोपिनची पुरेशी मात्रा शेवटच्या टोकाला जवळपास तेच करते. निरोगी गाईचे कोठीपोट दोन मिनिटांत साधारण दोन ते तीन वेळा आकुंचन पावते. त्यातील एका प्रकारच्या लाटेने चारा घुसळला जातो आणि दुसऱ्या प्रकारच्या लाटेने वायू अन्ननलिकेकडे ढकलला जाऊन ढेकर येते. आंबवण्याचे काम करणारे सूक्ष्मजीव मात्र व्हेगस नसेचे ऐकत नाहीत. ते वायू करतच राहतात, मोठ्या गाईत तासाला ३० ते ५० लिटरपर्यंत. लाट थांबली, ढेकर थांबली आणि वायू चालू राहिला, की डावी भकाळी फुगणारच.

स्रावांचे गणित थोडे वेगळे आहे. जठरातील आम्ल आणि स्वादुपिंडाचा पाचक रस यांपैकी जो भाग व्हेगसच्या हुकमाने सुटतो, तो ॲट्रोपिनने घटतो. संप्रेरकांच्या हुकमाने सुटणारा भाग तुलनेने टिकतो. एका दिवसाच्या उपचारात यामुळे गाईचे मोठे नुकसान होत नाही. लाळेचे प्रकरण मात्र निराळे आहे आणि नेमके तिथेच मी एकदा फसलो.

लाळेने दिलेला चकवा

म्हादईच्या काठावरील एका वाड्यावर संध्याकाळी बोलावणे आले. जर्सी संकराची, साधारण ३०० किलोची गाय. वाळवीसाठी आणलेले क्लोरपायरीफॉस दुपारी तिच्या अंगाला चोळलेले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, जबड्याखाली फेस. प्रथम हातमोजे घालून साबणाने तिला धुवून घेतले, कारण कातडीवर औषध असेपर्यंत सर्व उपचार गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे असतात. नंतर ॲट्रोपिन. ०.२५ मिलिग्रॅम प्रतिकिलोने ७५ मिलिग्रॅम झाले, आणि माझ्याजवळ होत्या त्या माणसांच्या औषधाच्या ०.६ मिलिग्रॅमच्या काचेच्या कुप्या, म्हणजे १२५ कुप्या. घरच्या काकी मोबाईलच्या उजेडात फडक्यात धरून एकेक कुपीची मान मोडत होत्या आणि मी सिरींजमध्ये ओढून घेत होतो. चौथा हिस्सा शिरेतून सावकाश, बाकीचे कातडीखाली. पाऊण तासात घरघर गेली, श्वास मोकळा झाला, गाईने मान वर केली.

“डॉक्टर, लाळ अजून गळतेच आहे,” काकी म्हणाल्या.

खरोखरच ओठापासून गव्हाणीपर्यंत एक तार लोंबत होती. मी ४० कुप्या आणखी दिल्या. रात्री उशिरा तार तशीच होती, म्हणून पुन्हा ४०. पहाटे काकींचा मुलगा उठवायला आला, तेव्हा गाईची भकाळी पाठीच्या कण्याच्या वर गेली होती.

ती तार बोटात धरून पाहिली असती, तर त्या दोन्ही वेळा माझी सुई थांबली असती. विषाची लाळ पाण्यासारखी पातळ आणि फेसाळ असते. ही डिंकासारखी चिकट होती, बोटांच्या दोन टोकांमध्ये ताणली तरी तुटत नव्हती. रवंथ करणाऱ्या जनावरांत कानाखालची मोठी लाळग्रंथी नसेचा हुकूम नसतानाही सतत पाझरत असते. मोठी गाय दिवसाला १०० लिटरहून अधिक लाळ तयार करते आणि कोठीपोटातील आम्ल त्या लाळेतील सोड्यासारख्या क्षारांनी शमते. ॲट्रोपिनने हा पाझर पूर्ण बंद होत नाही. प्रमाण काहीसे घटते आणि लाळ घट्ट होते. म्हणूनच गाई-म्हशींना भूल देण्यापूर्वी ‘लाळ सुकवण्यासाठी’ ॲट्रोपिन देण्याची रूढी कुत्र्या-मांजरांसारखी चालत नाही. आपण शिकतो ते मात्र कुत्र्याच्या तोंडावरून. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ हायडेनहाइन यांनी १८७२ मध्ये कुत्र्याच्या जबड्याखालील लाळग्रंथीवर दाखवले होते की ॲट्रोपिन दिल्यावर नस चेतवूनही लाळ येत नाही, मात्र ग्रंथीतील रक्तप्रवाह वाढतोच. प्रयोग निर्विवाद आहे, पण तो कुत्र्याच्या ग्रंथीचा आहे. ‘तोंड कोरडे होईपर्यंत द्या’ हा नियम त्या चित्रातून आलेला आहे आणि गाईला तो लावला की मात्रा वाढतच जाते.

तेव्हापासून मी गाईची मात्रा छातीवर ठरवतो, तोंडावर नाही. स्टेथोस्कोपने फुप्फुसे दोन्ही बाजूंनी मोकळी ऐकू येऊ लागली आणि श्वास सोपा झाला, की ॲट्रोपिन थांबवायचे, मग लाळ कितीही लोंबू दे. स्नायूंची थरथरही या औषधाने जात नाही, कारण ती ॲसिटिलकोलिनच्या दुसऱ्या प्रकारच्या, निकोटिनिक ग्राहकांची असते आणि तिथे ॲट्रोपिनचा हात पोहोचत नाही. त्यासाठी प्रॅलिडॉक्सिम हे वेगळे औषध असते आणि ते लवकर दिले तरच उपयोगी पडते. थरथर दिसते म्हणून ॲट्रोपिन वाढवणे ही लाळेइतकीच नेहमीची चूक आहे. पुढची मात्रा घड्याळ पाहून द्यायची नसते. छाती पुन्हा ओली वाटली, बाहुल्या पुन्हा आकसल्या, नाडी उतरली, तरच ती द्यायची.

फुगलेल्या गाईपाशी गेल्यावर

पहिला प्रश्न एवढाच, की हे विष परतले आहे की उतारा जास्त झाला आहे. विष परतू शकते, विशेषतः ते तोंडावाटे गेले असेल तर. थांबलेले कोठीपोट हे विषाचे कोठारही असते आणि हालचाल सुरू होताच उरलेले विष पुढे सरकते. क्लोरपायरीफॉसमध्ये तर लक्षणे उशिरा येणे आणि भूक काही दिवस मंदावणे हे त्या विषाचेच वैशिष्ट्य आहे, मोठ्या वळूंत अधिकच. तरीही दोन चित्रे सहसा वेगळी ओळखता येतात. विष परतलेल्या गाईच्या बाहुल्या लहान, छाती ओली, शेण पातळ आणि उजव्या कुशीला कान लावला तर आतड्यांची खळबळ ऐकू येते. उतारा जास्त झालेल्या गाईच्या बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणाऱ्या, नाडी जलद, छाती कोरडी आणि दोन्ही कुशी मुक्या. डाव्या भकाळीत मूठ दाबून धरावी आणि पूर्ण पाच मिनिटे घड्याळ लावावे. दोन मिनिटांत काही हलले नाही म्हणून ‘बंद’ असे ठरवणाऱ्यांत मीही होतो. अशक्त, तुरळक लाट चौथ्या मिनिटाला हाताला लागते आणि ती लागली तर निम्मी काळजी मिटते.

चित्र दुसऱ्या प्रकारचे असेल, तर ॲट्रोपिन बंद, आंबोण बंद, पेंड बंद, काजूच्या बोंडूंचा चोथा तर नावालाही नको, कारण थांबलेल्या कोठीपोटात सहज आंबणारे खाद्य घालणे म्हणजे चुलीत लाकूड सारणे होय. गाय आडवी असेल तर तिला छातीवर बसती करून दोन्ही बाजूंना गवताच्या पेंढ्यांचा आधार द्यावा. पूर्ण कुशीवर पडलेल्या गाईत अन्ननलिकेचे तोंड द्रवाखाली जाते आणि वायू सुटायला वाट उरत नाही. फुगवटा श्वासाला अडवण्याइतका असेल तर पशुवैद्यकाने तोंडातून पोटनळी घालावी. हा फुगवटा बहुतेक वेळा मोकळ्या वायूचा असतो, फेसाचा नाही. त्यामुळे नळी पोहोचताच सूं आवाज करून वायू बाहेर पडतो आणि भकाळी डोळ्यांदेखत खाली बसते. नळीतून फेसच येत असेल तर आपले निदान पुन्हा तपासावे. जीव जाण्याची वेळ आली असेल तरच ट्रोकार, म्हणजे भकाळीतून पोट भोसकून वायू काढण्याची नळीदार सुई. भोसकलेल्या पोटातून घाण पोटपोकळीत उतरण्याचा धोका पत्करण्याची तोवर गरज नसते.

आपल्याकडील म्हातारी माणसे गाईच्या जबड्यात आडवी काठी बांधतात. त्या उपायाला मी पूर्वी हसत असे. आता हसत नाही. गाय काठी चघळत राहते, लाळ गिळते, तोंड उघडे राहते, आणि पोट किंचित जागे झाले असेल तेव्हा तेवढ्यानेही पहिली ढेकर येते. मात्र पूर्ण मुक्या पोटावर काठीचा भरवसा धरून नळीला उशीर करू नये.

नाडी उतरली म्हणजे ॲट्रोपिन संपले असेही समजू नये. हृदयावरचा परिणाम आधी ओसरतो, पोट मागून येते. मी गाई सकाळी साध्या नाडीवर आणि संध्याकाळपर्यंत मुक्या पोटावर पाहिल्या आहेत. या मधल्या काळात कोमट पाणी समोर ठेवावे, मूठभर ओले गवत तिने मागितले तर द्यावे आणि दर दोन तासांनी भकाळी पाहावी. एक दिवस उलटूनही रवंथ परतला नाही, तर निरोगी गाईच्या कोठीपोटातील ताजा रस नळीने घालणे फार उपयोगी पडते. निदान तीन लिटर तरी हवा, अधिक मिळाला तर उत्तमच. तो ज्या गाईचा घ्यायचा ती त्याच गोठ्यातली, तोच चारा खाणारी असली म्हणजे बरे. फक्त तिच्यावर तेच औषध फवारलेले नाही याची खात्री करावी.

पोट चालू करण्याच्या नादात

थांबलेल्या पोटासाठी निओस्टिग्मिन हे नाव अनेकांच्या ओठांवर लगेच येते. ऑर्गॅनोफॉस्फेटची विषबाधा झालेल्या गाईला ते देऊ नये. निओस्टिग्मिन स्वतःच कोलिनएस्टरेज अडवते, म्हणजे ज्या विकराला विषाने मारले त्याचे उरलेले कण आपण आपल्या हाताने मारतो. ॲट्रोपिनचे आवरण विरताच अशी गाय पुन्हा पहिल्या रात्रीसारखी थरथरू लागते आणि घरच्या लोकांना वाटते की कोणी पुन्हा विष घातले. मेटोक्लोप्रामाइडचा हा धोका नाही, पण उपयोगही फारसा नाही. ते पोटाला चालना देते ते मुख्यतः ॲसिटिलकोलिन अधिक सोडवून, आणि ते स्वीकारणारी जागाच ॲट्रोपिनने अडवलेली असते.

तिसरी चूक घरातली आहे. पोट फुगले की बाटलीने तेल पाजायचे. गोडे तेल फेसाच्या पोटफुगीत फेस मोडते; मोकळ्या वायूवर त्याचा काही परिणाम नाही. विषबाधेतून नुकती उठलेली, मान नीट न सावरणारी गाय ते तेल नीट गिळतही नाही. ते फुप्फुसांत गेले तर गाय पोटफुगीने नव्हे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी न्यूमोनियाने जाते. अशा दोन गाई मी गमावल्या आहेत.

हेच चित्र, कारण वेगळे

गाय व्यायल्याला तीन दिवसही झाले नसतील, तर मोठ्या बाहुल्या, कोरडे नाक, मुके पोट आणि फुगलेली भकाळी हे सर्व रक्तातील कॅल्शियम उतरल्यानेही दिसते आणि ते ॲट्रोपिनसारखे हुबेहूब असते. कानाची पाळी हातात धरून पाहावी; कॅल्शियम उतरण्याच्या या आजारात, म्हणजे दुग्धज्वरात, ती थंडगार लागते आणि गाय मान कुशीकडे वळवून बसते. शिरेतून कॅल्शियम द्यायचे झाले, तर ॲट्रोपिनने आधीच धावणाऱ्या हृदयावर ते नेहमीपेक्षाही सावकाश सोडावे.

इंजेक्शन काहीच झालेले नाही, फवारणीही नाही, आणि एकाच गोठ्यातील दोन-तीन गुरे मोठ्या बाहुल्या, कोरडे तोंड, बिथरलेली चाल आणि बंद पोट घेऊन उभी आहेत, असे झाले तर गव्हाण उपसून चारा पाहावा. धोतऱ्यात हायोसायमिन, हायोसिन आणि ॲट्रोपिन हीच अल्कलॉइडे असतात. उकिरड्याशेजारी पावसाळ्यानंतर तो माजतो. हिरवा धोतरा गुरे सहसा टाळतात, पण कापलेल्या गवतात वाळून मिसळला की त्याची चव कोणाला कळत नाही. गाठीगाठीच्या बोंडातील चपट्या बिया गव्हाणीच्या तळाशी सापडतात. इथे कोलिनएस्टरेज शाबूत असते, त्यामुळे निओस्टिग्मिनचा विचार पशुवैद्यक करू शकतो, अर्थात आतड्यात कुठे अडथळा नाही याची खात्री झाल्यावर. सर्व गवत बाहेर काढून जाळावे, ते परत दुसऱ्या गोठ्यात जाऊ देऊ नये.

वासरांच्या हगवणीत ॲट्रोपिनच्याच जातीचे, माणसांचे डायसायक्लोमाइन देण्याची एक पद्धत पसरली आहे आणि ती मला सर्वांत जास्त खटकते. जंतूंच्या विषाने आतड्यात पाणी झिरपत असते. ते झिरपणे या औषधाने थांबत नाही, थांबते ती आतड्याची हालचाल. हगवण दिसेनाशी होते, पाणी मात्र आतड्यात साचत राहते, जंतूही तिथेच राहतात आणि वासराचे डोळे खोल जातात. घरचे लोक म्हणतात, “जुलाब थांबले, मग हे उठत का नाही?” अशा वासराला मीठ-साखरेचे योग्य प्रमाणातील पाणी आणि दूध लागते, कधी शिरेतून सलाइन; आतड्याला कुलूप लागत नाही.

घोडे आपल्याकडे थोडे, म्हणून एकच वाक्य: घोड्याच्या डोळ्यात दिवसांतून अनेकदा घातलेल्या ॲट्रोपिनच्या थेंबांनीही पोट मंदावून पोटशूळ होऊ शकतो, तेव्हा थेंब चालू असलेल्या घोड्याची लीद रोज मोजावी.

म्हादईकाठच्या त्या गाईला नळीने दोनदा रिकामी करावी लागली. दुपारी अडीचच्या सुमारास भकाळीत पहिली लाट हाताला लागली आणि सूर्य मावळताना तिने पहिला घास वर आणून चघळला. काकींनी विचारले, वासराला पाजू का. मी नाही म्हटले. क्लोरपायरीफॉस पिकासाठी विकलेले होते, त्याच्या बाटलीवर दूध किती दिवस टाकून द्यावे हे छापलेले नसते, त्यामुळे वासराला दुसऱ्या गाईचे दूध पाजावे आणि हिचे पिळून खड्ड्यात ओतावे असे सांगितले. आता रात्रीचा फोन आला की मी निघण्यापूर्वी दोनच गोष्टी मागतो: बाटलीच्या चिठ्ठीचा फोटो, आणि आधी कोणी सुई दिली असेल तर रिकाम्या कुप्या उकिरड्यावर न टाकता एका डब्यात. त्या मोजल्यावर गाईला काय झाले आहे हे मला अर्ध्या वाटेतच कळलेले असते.